दोन वजनांचे गोळे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की पुण्यातली मैदाने आणि टेकड्या पहाटे पाचपासूनच जाग्या होतात. तळजाईच्या चढावर मुले-मुली धापा टाकत पळत असतात आणि खाली मैदानाच्या कडेला गोळाफेकीचा सराव चाललेला असतो. तिथे थोडा वेळ उभे राहिले, तर दोन आकारांचे गोळे दिसतात. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. मुलांना १६०० मीटर धावायचे असते, मुलींना ८०० मीटर. हा फरक इतका अंगवळणी पडलेला आहे, की तो का ठेवला असावा असे सहसा कोणी विचारत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयासमोरील सुनावणीत राज्य सरकारने भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी वेगळा पर्याय ठेवण्याचे आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याचे मान्य केले, आणि एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला: या उमेदवारांच्या हातात कोणता गोळा द्यायचा?

जगभरच्या क्रीडा संघटना गेली वीसहून अधिक वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांच्या उत्तरांकडे वळण्यापूर्वी मुळात दोन गोळे का लागतात, हे पाहायला हवे.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्या-पोहण्यातला फरक अगदी थोडा असतो. शाळेच्या क्रीडास्पर्धेत पाचवीतली एखादी मुलगी वर्गातल्या सगळ्या मुलांना मागे टाकते, त्यात नवल काही नाही. मुलगे वयात येऊ लागले, की वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागते आणि चित्र पालटते. प्रौढ पुरुषाच्या रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारणपणे ७.७ ते २९.४ नॅनोमोल असते, तर निरोगी स्त्रीच्या रक्तात ते सहसा १.७ च्या वर जात नाही. उंचीच्या बाबतीत अनेक स्त्रिया अनेक पुरुषांपेक्षा उंच असतात, तशी सरमिसळ इथे जवळजवळ होत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे मोकळी जागा राहते. या संप्रेरकामुळे हाडे लांब आणि रुंद होतात, स्नायूंचे, विशेषतः खांद्यांचे आणि दंडांचे, वस्तुमान वाढते आणि रक्तातले हिमोग्लोबिन सुमारे १२ टक्क्यांनी जास्त राहते, म्हणजे स्नायूंना प्राणवायूही अधिक पोचतो.

परिणाम विक्रमांत दिसतो. १०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंदांचा आणि स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा आहे. फरक साडेनऊ टक्क्यांचा. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर हे विक्रम आहेत, म्हणजे तिथे फरक १९ टक्क्यांवर जातो. (यावरून मुली मेहनतीत कमी पडतात असा निष्कर्ष काढणारे महाभाग भेटतात. मेहनतीतल्या फरकाने हे अंतर दशकानुदशके इतके स्थिर राहिले नसते.) साडेनऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पहिल्या आणि आठव्या क्रमांकात बहुधा याहून पुष्कळ कमी अंतर असते. स्त्रियांचा वेगळा गट नसता, तर शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकही स्त्री दिसली नसती. गट वेगळा ठेवण्याचे कारण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

आता पारलिंगी स्त्रियांकडे वळू. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी आणि स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री. त्यांच्यापैकी अनेक जणी टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधे आणि इस्ट्रोजेन घेतात, आणि त्यांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्त्रियांच्या पट्ट्यात उतरू शकते. वादाचा मूळ मुद्दा असा, की रक्तातला आकडा उतरला म्हणून आधीच्या वर्षांत घडलेले शरीरही त्याच्याबरोबर उतरते का.

शरीराचे वेगवेगळे भाग याचे वेगवेगळे उत्तर देतात. हिमोग्लोबिन लवकर खाली येते: तांबड्या पेशीचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असल्याने तीन-चार महिन्यांत ते स्त्रियांच्या पातळीवर पोचते. स्नायू एवढे आज्ञाधारक नाहीत. स्वीडनमध्ये ११ पारलिंगी स्त्रियांची मोजमापे वर्षभर घेतली गेली. मांडीच्या स्नायूंचे आकारमान सुमारे पाच टक्क्यांनी घटले, ताकद मात्र जवळपास तशीच राहिली. यामागचे एक संभाव्य कारण ऑस्लोच्या प्रयोगशाळेत उंदरांवर दिसले आहे. टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली स्नायूपेशींत वाढलेली केंद्रके संप्रेरक थांबवल्यावरही दीर्घकाळ टिकून राहतात आणि तोच स्नायू पुन्हा वाढवणे सोपे जाते. माणसात हे कितपत घडते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हाडांबद्दल मात्र मतभेद नाही. वाढीच्या वयात लांबलेली मांडी आणि रुंदावलेले खांदे औषधाने आखडत नाहीत.

अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो, कारण तिथे प्रत्येकाला ठरावीक काळाने तीच शारीरिक चाचणी द्यावी लागते. उपचारांपूर्वी पारलिंगी स्त्रिया इतर महिला सैनिकांपेक्षा जास्त जोर आणि पोटाचे व्यायाम काढत असत. दोन वर्षांच्या उपचारांनंतर हा फरक उरला नाही. दीड मैलांच्या धावेत मात्र त्या दोन वर्षांनंतरही सरासरी १२ टक्क्यांनी पुढेच होत्या. एकाच चाचणीच्या दोन भागांत दोन वेगळी उत्तरे मिळाली, आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष याच अभ्यासातला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे पोकळ नाही. सैनिक म्हणजे ऑलिम्पिकपटू नव्हेत, आणि उपचारकाळात कोण किती सराव करत होते हेही अशा नोंदींतून कळत नाही. ऑलिम्पिक समितीच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित खेळणाऱ्या २३ पारलिंगी स्त्रियांची तुलना इतर महिला खेळाडूंशी करण्यात आली. त्यांच्या हाताची पकड अधिक मजबूत होती, पण शरीराच्या वजनाच्या हिशेबात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि उडी कमी भरली. मालट्रकच्या सांगाड्यात रिक्षाचे इंजिन बसवले तर जे होईल, तसे काहीसे इथे होत असावे असा युक्तिवाद केला जातो. मात्र हे मोजमाप एकाच वेळी घेतलेले होते. त्याच व्यक्ती उपचारांपूर्वी कशा होत्या, हे त्यातून समजत नाही.

माझ्या मते हा पुरावा बारा महिन्यांत सगळा फायदा नाहीसा होतो हा दावा पेलू शकत नाही. पारलिंगी स्त्री मैदानात उतरली की जिंकलीच, हा दावाही तो पेलत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड ८७ किलोंवरील गटात भारोत्तोलनासाठी उतरली तेव्हा महिला क्रीडा संपल्याच्या आरोळ्या उठल्या होत्या. तिचे तिन्ही प्रयत्न फसले आणि ती क्रमवारीतही आली नाही. अर्थात एका खेळाडूच्या अपयशाने शरीरशास्त्र खोटे ठरत नाही, जसे एकीच्या यशाने ते सिद्धही होत नाही.

संघटनांचे नियम या काळात जवळजवळ उलटे फिरले. ऑलिम्पिक समितीने २००३ मध्ये शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची संप्रेरक-उपचारांची दोन वर्षे अशी अट घातली. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली आणि बारा महिने टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलच्या खाली ठेवणे पुरेसे ठरले. सामान्य स्त्रीच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ सहापट असलेला हा आकडा स्त्रियांच्या गटाचे दार कसे ठरू शकतो, हे मला कधीच उमगलेले नाही. २०२१ मध्ये समितीने निर्णय त्या त्या खेळाच्या संघटनेवर सोपवला. जलतरण महासंघाने जून २०२२ मध्ये, जागतिक ॲथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गट बंद केला. आजच्या रक्तापेक्षा बाराव्या ते अठराव्या वर्षांत शरीराचे काय झाले, याकडे पाहायचे असा हा बदल होता. शास्त्रदृष्ट्या तो मला अधिक सुसंगत वाटतो, पण त्याची किंमतही सांगायला हवी. जलतरणाच्या नियमाने बाराव्या वर्षाआधीच उपचार सुरू झालेल्यांना दार किलकिले ठेवले आहे, आणि आपल्याकडे अशी मुलगी शोधून सापडणे कठीण आहे. ज्यांना दार बंद झाले, त्यांच्यासाठी महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात खुला गट ठेवून पाहिला. त्यात एकही प्रवेशिका आली नाही. भरतीच्या अर्जात तिसरा रकाना आखता येतो, शर्यतीत तिसरी रांग लावायला तेवढे खेळाडू लागतात.

इथवरचा वाद पारलिंगी स्त्रियांचा होता. चर्चेत मात्र त्यात एक वेगळाच वर्ग सरसकट मिसळला जातो, आणि त्या गल्लतीचा धागा थेट बालेवाडीपर्यंत येतो. जुलै २०१३ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली आणि ओडिशाच्या द्युती चंदने २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी तिला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. तिच्या शरीरात निसर्गतः तयार होणारे टेस्टोस्टेरॉन नियमापेक्षा जास्त आहे, हे कारण. द्युती पारलिंगी नाही; मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जीरियाची मुष्टियोद्धा इमान खलीफ हिलाही असेच पारलिंगी ठरवून जगभर झोडपले गेले, आणि तेही चुकीचे होते.

अशा स्त्रियांमध्ये लिंगविकासाच्या वाटेवर कुठेतरी निसर्गतःच वेगळे वळण आलेले असू शकते. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य शरीर या चार गोष्टी बहुतेकांमध्ये एकमेकींशी जुळतात. काहींमध्ये त्या जुळत नाहीत. हे क्रीडाजगताला अनुभवाने शिकावे लागले. १९६६ मध्ये बुडापेस्टला महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे करण्यात आले. १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गालातल्या पेशी तपासणे सुरू झाले. १९८५ मध्ये कोबे येथे स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो हिच्या पेशींत एक्सवाय गुणसूत्रे सापडली. तिचे शरीर टेस्टोस्टेरॉन तयार करत होते, पण पेशींना त्याचा संदेश वाचताच येत नव्हता, म्हणजे त्याचा कणभरही फायदा तिला मिळत नव्हता. तरीही तिच्यावर बंदी आली. ती उठायला १९८८ उजाडले. अटलांटाच्या १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये ३३८७ खेळाडूंपैकी ८ जणींच्या चाचणीत वाय गुणसूत्रावरचे जनुक आढळले आणि आठही जणींना खेळू दिले गेले. तीन वर्षांनी समितीने ही चाचणीच थांबवली.

द्युती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात गेली आणि २०१५ मध्ये लवादाने नियमाला स्थगिती दिली. नियम ठेवायचा असेल, तर अशा स्त्रियांना नेमका किती फायदा मिळतो ते दाखवा, असे लवादाने ॲथलेटिक्स महासंघाला (आजच्या जागतिक ॲथलेटिक्सला) सांगितले. महासंघाशी संबंधित संशोधकांनी २०१७ मध्ये तो आकडा पुढे केला: जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या खेळाडू ४०० मीटरमध्ये २.७३ टक्क्यांनी, ८०० मीटरमध्ये १.७८ टक्क्यांनी, हातोडाफेकीत ४.५३ टक्क्यांनी सरस. गंमत अशी, की २०१८ चा नियम ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींनाच लागू झाला. सर्वाधिक फरक दिसलेली हातोडाफेक त्यातून बाहेर राहिली आणि तसा फरक न दिसलेली १५०० मीटरची शर्यत आत आली. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याने या नियमाला आव्हान दिले, तेव्हा २०१९ मध्ये लवादाने तो भेदभाव करणारा, पण आवश्यक आणि प्रमाणशीर असल्याचे ठरवले. २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी दुरुस्ती छापून आपले निष्कर्ष केवळ प्राथमिक स्वरूपाचे असल्याचे आणि त्यांवरून कार्यकारण सिद्ध होत नसल्याचे मान्य केले. नियम मात्र मागे गेला नाही. २०२३ मध्ये मर्यादा २.५ नॅनोमोलवर आणून तो सर्वच प्रकारांना लावला गेला.

सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्सने वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकाची चाचणी आयुष्यात एकदा सक्तीची केली आहे. पातिन्योसारख्या स्त्रियांना या वेळी सूट दिलेली आहे, एवढा धडा घेतला गेला. तरीही १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्या चमूतील अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापरावर टीका केली आहे. जनुक आहे किंवा नाही एवढेच चाचणी सांगते; ते काम करते का, टेस्टोस्टेरॉन तयार होते का आणि शरीर ते वापरते का, हे तिला कळत नाही.

पारलिंगी स्त्रीला आपल्या शरीराचा इतिहास चाचणीआधीच ठाऊक असतो. गालातल्या बोळ्याचा निकाल पाहून हादरते ती खेड्यातून आलेली, कधी कसलीही शंका न आलेली एकोणीस-वीस वर्षांची धावपटू, आणि त्या क्षणी तिच्याजवळ डॉक्टर, समुपदेशक किंवा निदान गुप्ततेची हमी असतेच असे नाही. तामिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक जिंकले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि तिची तपासणी देशभर बातमीचा विषय झाली. काही वर्षांनी ती वीटभट्टीवर मजुरी करत होती. पुढे ती प्रशिक्षक झाली. पदक परत मिळालेले नाही.