बिनतारी जोडणी निदर्शक, लिनक्स डेस्कटॉपवरील : दोषशोध व दुरुस्ती

लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर, वरच्या किंवा खालच्या पट्टीत, वायफायची अवस्था दाखवणारे जे लहानसे चिन्ह असते त्यास बिनतारी जोडणी निदर्शक म्हणतात. पंख्यासारख्या पसरत गेलेल्या कमानी किंवा चढत्या उंचीच्या दांड्या हे त्याचे रूढ रूप होय. जोडणी तुटली की ते फिकट होते, जोडणी होत असताना त्यात हालचाल दिसते आणि राऊटरशी जोडणी होऊनही इंटरनेट मिळत नसेल तर त्यावर प्रश्नचिन्ह उमटते. हे चिन्ह पट्टीतून नाहीसे होणे, एकाच अवस्थेत गोठून राहणे किंवा प्रत्यक्षाशी न जुळणारी माहिती देणे, हे त्याचे नेहमी आढळणारे दोष आहेत. पुढील विवेचनात आज्ञांची व फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीत टंकावी लागतात.

दोषशोधाचा सारा भर एका गोष्टीवर आहे : निदर्शक स्वतः काहीही मोजत नाही. वायफाय कार्डाचा रेडिओ लहरींची ताकद मोजतो. कार्डावरील फर्मवेअर (कार्ड चालवणारा अंतर्गत कार्यक्रम) ती ड्रायव्हरला (कार्ड व प्रणाली यांना जोडणाऱ्या कार्यक्रमाला) कळवते. ड्रायव्हर ती कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) सीएफजी-८०२११ या थराकडे देतो. डब्ल्यूपीए सप्लिकंट हा कार्यक्रम परवलीचा शब्द तपासून राऊटरशी बोलणी पूर्ण करतो. नेटवर्कमॅनेजर ही सेवा या सर्वांचा हिशोब ठेवते आणि डी-बस या संदेशवाहिनीवरून तो जाहीर करते. निदर्शक हा या साखळीतील शेवटचा ऐकणारा आहे. त्यामुळे जोडणी ठणठणीत असून चिन्ह चुकीचे असणे, आणि चिन्ह खरे बोलत असून जोडणीच बिघडलेली असणे, या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्या न केल्यामुळेच बहुतेकांचा वेळ वाया जातो. ठाणे-नवी मुंबईच्या बोलण्यात तर ‘नेट गेलं’ या दोन शब्दांत राऊटर बंद पडण्यापासून पट्टीतले चिन्ह दिसेनासे होण्यापर्यंत सगळे सामावते.

म्हणून पहिली तपासणी चिन्हाकडे न पाहता करावी. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा दिली असता नेटवर्कमॅनेजरला कोणती उपकरणे दिसतात आणि प्रत्येकाची अवस्था काय आहे हे तो सांगतो. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ या आज्ञेला उपकरणाचे नाव व ‘लिंक’ हा शब्द जोडला असता हेच उत्तर थेट कर्नलकडून मिळते, मधल्या सेवेला न विचारता. दोन्ही उत्तरे ‘जोडलेले’ अशी आली आणि तरीही चिन्ह तुटलेलेच दिसत असेल तर दोष निदर्शकात आहे. कर्नल ‘जोडलेले’ म्हणतो पण नेटवर्कमॅनेजर म्हणत नाही, अशी स्थिती असेल तर उपकरण दुसऱ्याच सेवेच्या ताब्यात आहे. दोघेही नकार देत असतील तर चिन्हाला दोष देण्याचे कारण उरत नाही.

यातील दुसरी स्थिती वाटते तितकी दुर्मीळ नाही. डेबियन या लिनक्स वितरणावर इंटरफेसेस नावाच्या जुन्या संरचना-फाइलमध्ये वायफाय उपकरणाचा उल्लेख असेल तर नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही आणि त्याची अवस्था ‘अनमॅनेज्ड’ अशी दाखवतो. उबुंटू या दुसऱ्या वितरणाची सर्व्हर आवृत्ती बसवून तिच्यावर नंतर डेस्कटॉप चढवला असता नेटप्लॅन या जाळे-मांडणीच्या साधनाच्या फाइलमध्ये सूत्रे सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या सेवेकडे राहिलेली असू शकतात. अशा वेळी इंटरनेट व्यवस्थित चालते, निदर्शक मात्र रिकामा राहतो. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये रेंडरर (जाळे सांभाळणारी सेवा) म्हणून नेटवर्कमॅनेजरचे नाव देऊन बदल लागू केल्यावर चिन्ह परत येते.

चिन्ह मुळातच दिसत नसेल तर पट्टीचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. नेटवर्कमॅनेजरची सुरुवात २००४ मध्ये रेड हॅटकडून झाली आणि त्याच्या जोडीने एनएम-ॲप्लेट हा निदर्शक रूढ झाला. पट्टीत बसण्यासाठी तो एक्स विंडो या खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीतील एक्सएम्बेड या जुन्या पद्धतीचा आधार घेत असे. पुढे केडीई या डेस्कटॉप-प्रकल्पाने स्टेटस-नोटिफायर-आयटम ही डी-बसवर आधारलेली नवी पद्धत आणली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ग्नोम या डेस्कटॉपच्या ३.२६ आवृत्तीने जुनी चिन्हपेटी (पट्टीतील चिन्हांची जागा) काढून टाकली. आणि एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर तर जुनी पद्धत लागूच होत नाही. ग्नोम व केडीई प्लाझ्मा यांचे निदर्शक त्यांच्या पट्टीत अंगभूत असल्याने त्यांच्या वापरकर्त्यांना याची झळ सहसा लागत नाही. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर किंवा सुट्या विंडो व्यवस्थापकावर मात्र पट्टीत चिन्हपेटीचा घटक घातलेला आहे का, एनएम-ॲप्लेट चालू आहे का, आणि नव्या पद्धतीची पट्टी असल्यास त्याला ‘इंडिकेटर’ हा पर्याय देऊन सुरू केले आहे का, हे पाहावे लागते. चिन्हांचा संच बदलल्यावर जागा रिकामी दिसू लागली तर त्या संचात वायफायची चित्रे नसण्याची शक्यता मोठी; मूळ संच लावून पाहिल्यास अर्ध्या मिनिटात खात्री पटते.

गोठलेल्या चिन्हाचे एक कारण इतके साधे आहे की ते शेवटी सुचते. एक्सएफसीईच्या पट्टीतील जुना वायफायमापक किंवा कॉन्कीसारखे पडद्यावर माहिती दाखवणारे फलक यांना उपकरणाचे नाव हाताने द्यावे लागते. पूर्वी ते नाव ‘डब्ल्यूलॅन-शून्य’ असे असे. २०१३ च्या आरंभी आलेल्या सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकाच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्ड मदरबोर्डवर कुठे बसले आहे त्यावरून नावे ठरू लागली. मापक जुन्या नावाकडे डोळे लावून बसतो, त्या नावाचे उपकरणच नसते आणि दांड्या कायम शून्यावर राहतात. यातील काही मापक प्रॉक निर्देशिकेखालील ‘नेट/वायरलेस’ ही फाइल वाचतात. ती ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ या १९९० च्या दशकातील जुन्या व्यवस्थेची खूण आहे. वायफाय ७ च्या कार्डांसाठी कर्नलने ही वाट बंद केली आहे, त्यामुळे नवा लॅपटॉप घेऊन त्यावर जुना फलक उचलून लावणाऱ्याला हा अनुभव येणारच.

दांड्यांचा अर्थ हा या विषयातील सर्वांत गैरसमजाचा भाग आहे, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. लहरींची ताकद डीबीएम या एककात मोजतात. ते एक मिलिवॉटच्या तुलनेतील घातांकी माप असल्याने उणे ३० म्हणजे एक मायक्रोवॉट आणि उणे ६० म्हणजे एक नॅनोवॉट, अर्थात त्याचा हजारावा भाग. दर दहा अंकांच्या घसरणीला ताकद दहापट कमी होते. या मापाचे टक्के कसे करावेत याचा कोणताही सर्वमान्य नियम नाही. एका पद्धतीत उणे ४० ला शंभर व उणे १०० ला शून्य धरतात. जुन्या फाइलमधील पद्धतीत उणे ११० पासून उणे ४० पर्यंतचे सत्तर भाग करतात. उणे ६४ डीबीएम पहिल्या पद्धतीने ६० टक्के होतात, तर दुसऱ्या पद्धतीने सत्तरपैकी ४६ म्हणजे सुमारे ६६ टक्के. एकाच पडद्यावरील दोन निदर्शक वेगवेगळे आकडे दाखवतात तेव्हा बहुधा दोन्ही खरे असतात. त्यातच एनएम-ॲप्लेट टक्क्यांचे पुन्हा चारच दांड्यांत रूपांतर करतो. ८० टक्क्यांच्या वर पूर्ण, ५५ च्या वर तीन आणि ३० च्या वर दोन अशा त्याच्या पायऱ्या आहेत. खोलीतील ताकद ५५ च्या आसपास रेंगाळत असेल, तर दार लोटण्याने किंवा मधून माणूस गेल्यानेही दांडी येते-जाते. हा दोष नव्हे.

ठाण्यातील व नवी मुंबईतील घरांत हे ठळकपणे दिसते. घोडबंदर रस्त्यालगतच्या अनेक नव्या टॉवरांमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती असतात आणि त्यांत लोखंडी सळ्यांचे जाळे असते. नौपाड्यातील जुन्या इमारतींच्या किंवा वाशी-नेरुळमधील सिडकोने बांधलेल्या घरांच्या विटांच्या भिंतींपेक्षा त्या लहरींना कितीतरी अधिक अडवतात. दिवाणखान्यात टीव्हीमागे ठेवलेल्या राऊटरच्या आणि शयनगृहातील लॅपटॉपच्या मध्ये अशा दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आले की दांड्या चारावरून एकावर येतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील लहरी २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर क्षीण होतात. अशा घरात निदर्शक दुरुस्त करण्यासारखे काही नसते. राऊटर घराच्या मध्यावर, उंच जागी हलवणे हीच खरी दुरुस्ती होय.

याच्या उलट तक्रारही तितकीच ऐकू येते : दांड्या पूर्ण, पण पान उघडत नाही. दांड्या राऊटरची हाक किती मोठ्याने ऐकू येते एवढेच सांगतात, बोलायला उसंत मिळते की नाही हे सांगत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर सहा-आठ घरे आणि वर-खाली तितकीच असताना ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ ही आज्ञा दिल्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जाळ्यांची यादी पडदा भरून येते आणि त्यातील बरीचशी या तीन वाहिन्यांवर दाटलेली असतात. भारतात ५ गिगाहर्ट्झमधील मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, त्यामुळे तिकडे सरकणे हा बहुधा सर्वांत गुणकारी उपाय ठरतो. संगणकाने देश चुकीचा धरला असेल तर काही वाहिन्या त्याला वापरता येत नाहीत. फोनला दिसणारे घरचे जाळे लॅपटॉपच्या यादीतच नसेल तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा देऊन नोंद भारताची आहे ना, हे पाहावे.

पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन आली की राऊटर पुन्हा सुरू होतो, लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, आणि निदर्शक एक-दोन मिनिटे तुटलेला दिसतो. ५ गिगाहर्ट्झमधील काही वाहिन्यांवर रडारला अडथळा होऊ नये म्हणून राऊटरला आधी साधारण एक मिनिट नुसते ऐकत राहावे लागते. या काळात चिन्ह योग्य तेच दाखवत असते. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याने काही साधत नाही.

प्रश्नचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. नेटवर्कमॅनेजर ठरावीक वेळाने, मूळ मांडणीत दर ३०० सेकंदांनी, एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटा मजकूर मागवून पाहतो. अपेक्षित उत्तर आले तर ‘पूर्ण’, प्रवेशपानाकडे वळवले गेले तर ‘पोर्टल’ आणि उत्तरच न आल्यास ‘मर्यादित’ अशी अवस्था तो जाहीर करतो. ऐरोली किंवा महापे येथील कार्यालयाच्या जाळ्यात बाहेर जाणारी अशी मागणी अडवलेली असेल, तर सर्व काम सुरळीत चालू असतानाही प्रश्नचिन्ह कायम राहते. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक’ या आज्ञेने ताजे उत्तर मिळते. अडचण तेवढीच असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या संरचनेत ही तपासणी बंद करता येते. परंतु हॉटेल वा ग्रंथालयात प्रवेशपान आपोआप उघडण्याची सोयही तिच्याबरोबर जाते, हे ध्यानात घ्यावे.

वायफायचा पर्यायच यादीत नसल्यास दोन शक्यता आधी पाहाव्यात. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा रेडिओ सॉफ्टवेअरने रोखला आहे की कळीने, हे वेगवेगळे सांगते. पहिली अडवणूक आज्ञेने सुटते, दुसरी लॅपटॉपवरील कळ दाबल्याशिवाय सुटत नाही. दुसरी शक्यता फर्मवेअर नसण्याची. डेबियनच्या अधिकृत स्थापना-प्रतिमेत मुक्त नसलेले फर्मवेअर जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट झाले. त्याआधीच्या प्रतिमेवरून बसवलेल्या अनेक संगणकांत कार्ड असूनही ते मुके राहत असे. ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या उत्तरात फर्मवेअर चढवता न आल्याची ओळ स्पष्ट सापडते, आणि तीत हव्या त्या फाइलचे नावही असते.

निदर्शक फिरत राहून पुन्हा पुन्हा परवलीचा शब्द मागत असेल तर शब्द चुकला असेलच असे नाही. आपोआप प्रवेशाची सोय चालू ठेवलेल्या संगणकात किल्ल्यांची पेटी कुलूपबंद राहते आणि जपून ठेवलेला शब्द निदर्शकाला मिळत नाही. जोडणीच्या मांडणीत तो शब्द सर्व वापरकर्त्यांसाठी जतन केल्यास हा प्रश्न मिटतो. जोडणी दर काही मिनिटांनी तुटून जुळत असेल तर कार्डाची वीजबचत तपासावी. नेटवर्कमॅनेजरच्या संरचनेत ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ या किल्लीचे मूल्य ३ असता ती चालू आणि २ असता बंद असते. याहून गुंतागुंतीच्या तक्रारींसाठी ‘जर्नलसीटीएल’मधील नेटवर्कमॅनेजरची नोंदवही वाचण्याला पर्याय नाही. चिन्ह बदलले ती वेळ आधी कागदावर टिपून ठेवावी, म्हणजे नोंदवहीतील नेमक्या ओळी लगेच सापडतात.

मराठी वापरकर्त्यांपुरती एक बाब नोंदवण्याजोगी आहे. वायफाय जाळ्याचे नाव जास्तीत जास्त ३२ बाइटांचे असू शकते आणि युनिकोडच्या रूढ संकेतनात प्रत्येक देवनागरी वर्ण वा मात्रा तीन बाइट घेते. ‘जोशी वाडा’ हे नाव २५ बाइटांत मावते. ‘ज्ञानेश्वर कृपा’ ४३ बाइटांचे होत असल्याने राऊटर ते स्वीकारत नाही किंवा मध्येच तोडतो, आणि निदर्शकाच्या यादीत त्याच्या शेवटी निरर्थक चौकोन दिसतो.