बेस वूफर देतो की बॉक्स?

नवा सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर, हातात आला की बॉक्सची वाट न पाहता नुसत्या वायरी जोडून वाजवायचा मोह होतो. मीही ते केलंय. बारा इंची वूफर टेबलावर उताणा ठेवला, आवाज जरा वाढवला. कोन, म्हणजे वूफरची पुढची हलणारी थाळी, डोळ्यांना दिसेल इतका नाचत होता, पण बेस गायब. कोन वर आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये आडोसा नसेल तर पुढची हवा कडेवरून वळून मागे जाते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. 40 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मीटर असते. तिच्यापुढे बारा इंची थाळी ती काय!

मागची लाट अडवणं हे बॉक्सचं पहिलं काम. ती पूर्ण कोंडली की झाला सीलबंद बॉक्स. आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कोनाला लगाम घालते. 1954 साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी याच हवेच्या स्प्रिंगवर छोट्या खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. सीलबंद बॉक्सचा तोटा असा, की त्याच्या अनुनादाच्या, म्हणजे तो ज्या वारंवारतेला आपसूक घुमतो तिच्या, खाली गेल्यावर वारंवारता निम्मी झाली की आवाज 12 डेसिबेलने घसरतो.

घरात हा तोटाच. गाडीत मात्र गंमत होते. केबिनची लांबी तीनेक मीटर धरली, तर साधारण 57 हर्ट्झच्या खाली निम्मी लाटसुद्धा आत मावत नाही. मग वूफर अख्ख्या केबिनमधली हवा पंपासारखी दाबू-सोडू लागतो आणि जितकं खाली जावं तितका आवाज वाढतो. हिशेबाने ही वाढही तेवढीच, 12 डेसिबेल. प्रत्यक्षात फटी आणि लवचीक पत्रा थोडा वाटा गिळतात. खात्री करायची असेल तर खोल बेस वाजत असताना एक काच खाली करा आणि काय बदलतं ते ऐका.

पोर्टेड बॉक्स म्हणजे रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येणारा घुमारा. पोर्ट म्हणजे बॉक्सला ठेवलेली उघडी नळी; तिच्यातल्या हवेचं वजन आतल्या हवेच्या स्प्रिंगवर झुलतं. बॉक्स 35 हर्ट्झला ट्यून केलेला असेल तर नेमका तोच सूर लावून पाहा: कोन जवळपास थांबलेला आणि पोर्टपाशी धरलेल्या हाताला चांगला वारा. तेवढ्याच वॅटमध्ये दणका जास्त. पण ट्यूनिंगच्या खाली घसरण 24 डेसिबेलची, शिवाय कोनाला धरणारं काही उरत नाही आणि तो बेभान हलून फाटू शकतो. म्हणून अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर लावायचाच. बॉक्सही मोठा लागतो, म्हणजे डिकी गेलीच म्हणायची. बँडपास बॉक्समध्ये वूफर आत बंद असतो आणि आवाज फक्त पोर्टमधून येतो. तो ठरावीक पट्ट्यात दणकून वाजतो, पण मापात चुकला की सगळी गाणी एकाच सुरात घुमतात. पहिल्यांदा बनवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कुठल्या वूफरला कुठला बॉक्स, हे त्याच्या माहितीपत्रकात लपलेलं असतं. एफएस (वूफरची स्वतःची अनुनादाची वारंवारता) या आकड्याला क्यूईएसने (कोनाला विजेच्या बाजूने किती लगाम बसतो त्याचा आकडा) भागा. उत्तर 50च्या आसपास किंवा खाली आलं तर सीलबंद, 100च्या पुढे गेलं तर पोर्टेड. मधलं आलं तर दोन्ही चालतं. हा ढोबळ ठोकताळा आहे, पण खोक्यावर ठळक छापलेल्या ‘पीक वॅट’पेक्षा, म्हणजे क्षणभर झेपणाऱ्या ताकदीपेक्षा, कितीतरी भरवशाचा. वॅट बघायचेच तर आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, बघा, आणि ते दुप्पट केले तरी पदरात जेमतेम 3 डेसिबेल पडतात हे लक्षात असू द्या.

माझी पसंती विचाराल तर तबल्याची थाप सुटी-सुटी ऐकायची असेल तेव्हा सीलबंद, आणि छाती हादरायला हवी असेल तेव्हा पोर्टेड. दोन्हीकडे 18 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) वापरा आणि सांधे आतून सीलंटने बुजवा. बारीक फट राहिली तरी फुसफुस ऐकू येते.

सगळं बसवूनही बेस पोकळ वाटला तर नवा अॅम्प्लिफायर शोधायच्या आधी सबवूफरच्या प्लस-मायनस वायरी एकदा उलट करून बघा. पुढचे स्पीकर आणि सब जिथे एकमेकांना मिळतात, त्या 80 हर्ट्झच्या आसपास दोघांची ओढाताण चाललेली असू शकते. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्या जोडणीत आवाज भरीव वाटेल, तीच ठेवा.