ग्रेट्स्कीचा सौदा आणि मालकाची तिजोरी

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे आपल्या परिचयाच्या मैदानी हॉकीत नव्हे तर बर्फावरच्या हॉकीत, कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला सोडायचे आणि कोणाशी किती वर्षांचा करार करायचा हे जनरल मॅनेजर ठरवतो. पैसा मात्र मालकाचा असतो, आणि त्याची गरज बदलली की मॅनेजरने वर्षानुवर्षे रचलेली घडी एका दिवसात विस्कटू शकते. कॅनडातील एडमंटन ऑइलर्स या संघाचा इतिहास याची साक्ष देतो.

26 जानेवारी 1979 रोजी, आपल्या अठराव्या वाढदिवशी, पुढे या खेळातील सर्वांत मोठे खेळाडू मानले गेलेले वेन ग्रेट्स्की यांनी एडमंटनच्या रिंगणात बर्फाच्या मधोमध 21 वर्षांच्या करारावर सही केली. हा करार मुळात संघमालक पीटर पॉकलिंग्टन यांच्याशी व्यक्तिशः झालेला होता, ही बाब पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. ग्रेट्स्की यांच्याभोवती ग्लेन सॅदर यांनी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेतून मार्क मेसियर, यारी कुरी, ग्रँट फ्युअर यांच्यासारखे खेळाडू हेरून संघ उभा केला आणि 1984, 1985, 1987 व 1988 अशी चार वेळा लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅनले चषकावर मोहोर उमटवली.

चौथ्या विजेतेपदाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच 9 ऑगस्ट 1988 रोजी ग्रेट्स्की लॉस एंजेलिस किंग्जकडे गेले. बदल्यात जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे खेळाडू, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीतील तीन निवडींचे हक्क आणि दीड कोटी अमेरिकी डॉलर रोख मिळाले. पॉकलिंग्टन यांच्या इतर व्यवसायांना रोकड हवी होती. सौदा त्यांनी किंग्जचे मालक ब्रूस मॅकनॉल यांच्याशी थेट जमवला; सॅदर यांचा विरोध होता, पण अखेर त्यांना तो मान्य करावा लागला. पत्रकार परिषदेत ग्रेट्स्की यांना बोलता बोलता रडू आवरेना. कॅनडाच्या संसदेत एका खासदाराने सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी केली. हा निव्वळ खेळाचा निर्णय असता, तर सॅदर यांनी तो घेतला नसता असेच मला वाटते.

उरलेल्या संघाने 1990 मध्ये पुन्हा चषक जिंकला, ही सॅदर यांच्या बांधणीची खरी कसोटी आणि खरी पावती होती. पुढे मात्र खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये आणि तिकिटांचे उत्पन्न घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये अशी कोंडी झाली. 1991 मध्ये फ्युअर टोरोंटोला आणि मेसियर न्यूयॉर्कला गेले, आणि 1993 ते 1996 अशी सलग चार वर्षे संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. 1998 मध्ये स्थानिक गुंतवणूकदारांच्या गटाने संघ विकत घेऊन तो शहरातच ठेवला.

सॅदर 2000 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेले. तिथे मालकाकडे पैशाची ददात नव्हती आणि खेळाडूंच्या पगारांवर मर्यादाही तेव्हा नव्हती; ती 2005 मध्ये आली. तरीही त्यांच्या पहिल्या चारही हंगामांत रेंजर्सला बाद फेरी गाठता आली नाही.