ओपन डेटा स्पर्धा

महापालिका, सरकारी खातं किंवा एखादी संस्था आपल्याकडची माहिती सगळ्यांसाठी खुली करते, एक प्रश्न ठरवून देते आणि म्हणते यातून काहीतरी उपयोगाचं करून दाखवा, बक्षीस घ्या, ही झाली ओपन डेटा स्पर्धा. कुणी ॲप करतं, कुणी नकाशा, कुणी अंदाज सांगणारं मॉडेल. कॉलेजात रात्रभर जागून होते ती हॅकेथॉन, घरबसल्या दोन-तीन महिने चालते ती कॅगलसारख्या साइटवरची.

वॉशिंग्टनने २००८ मध्ये अशी स्पर्धा घेतली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कने, आणि मग सगळीकडे लोण पसरलं. ड्रिव्हनडेटा या साइटवरची टांझानियाची स्पर्धा तर बघाच, पाण्याचा पंप कुणी बसवला, कधी बसवला, देखरेख कुणाकडे आहे अशा नोंदींवरून कुठला चालू, कुठला दुरुस्तीला आलाय, कुठला बंद हे ओळखायचं, म्हणजे दुरुस्तीवाल्यांनी आधी कुठे जायचं ते कळतं.

पुण्यात महापालिकेचं ओपन डेटा पोर्टल आहे, वृक्षगणनेत लाखो झाडांची नोंद जागेसकट झालीय, म्हणजे कच्चा माल अगदीच नाही असं नाही. खरा घोळ पुढे. २०१२ ला प्रभाग ७६ होते, २०१७ ला ४१ झाले, मग २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, त्यामुळे "आमच्या प्रभागात डेंग्यू वाढला का" एवढा साधा प्रश्न विचारायचा तरी आधी जुन्या नव्या हद्दी जुळवत बसा. त्यात सरकारी पीडीएफ श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधली) निघाली की कॉपी केल्यावर नुसता अगम्य मजकूर, आणि स्पर्धकांचा निम्मा वेळ तिथेच जातो (परीक्षकांना हे काम दिसतच नाही, त्यांना डेमो दिसतो).

दुसरी भानगड प्रायव्हसीची. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली, डेटातून नावं काढली होती, तरी संशोधकांनी दुसऱ्या साइटवरच्या रेटिंगशी ताडून काही माणसं ओळखलीच, पुढे कोर्टकचेरी झाली आणि दुसरी स्पर्धा २०१० मध्ये गुंडाळावी लागली. पेशंटची यादी खुली करताना हे आधी आठवावं, नाव खोडलं तरी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात ८४ वर्षांच्या आजी अशा किती असणार!

बक्षीस समारंभ झाला की बहुतेक ॲप बंद पडतात, कारण ते चालवायचं कुणी हे ठरलेलंच नसतं. बॉस्टनची २०१५ ची स्पर्धा म्हणूनच मला जास्त पटते. हॉटेलांच्या ऑनलाइन रिव्ह्यूवरून अस्वच्छता कुठे सापडेल ते सांगायचं होतं, आणि मार्क दिले ते पुढच्या काही आठवड्यांत इन्स्पेक्टरना प्रत्यक्ष काय सापडलं ते बघून. पुण्यात तसं करायचं तर खड्ड्यांची स्पर्धा मे महिन्यात घ्यावी आणि निकाल गणपतीनंतर लावावा.