किट बसले, पण आरसीवर इंधन अजून पेट्रोलच : सीएनजी नोंदीचा अर्ज कुठे अडतो

घरच्या पेट्रोल मोटारीला सीएनजी किट बसवण्याचे काम गॅरेजमध्ये दिवसभरात उरकते. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, त्याची नोंद होण्यास मात्र अनेकांना महिने लागतात. ज्यांचे अर्ज परत येतात, त्यांची चूक बहुधा किट बसवण्यापूर्वीच झालेली असते.

‘मान्यताप्राप्त किट’ ही पाटी प्रत्येक दुकानात दिसते, परंतु किटला मान्यता सरसकट मिळत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था ती ठरावीक प्रकारच्या गाड्यांसाठी, इंजिनाची क्षमता आणि प्रदूषण मानक (बीएस-4, बीएस-6) पाहून देतात व तिची मुदत तीन वर्षांची असते. बीएस-6 पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची वाट तर 3.5 टनांखालील वाहनांसाठी ऑगस्ट 2022 च्या अधिसूचनेने मोकळी झाली. त्यामुळे बीएस-6 गाडीला बीएस-4 गाड्यांसाठीचे किंवा मुदत संपलेले प्रमाणपत्र जोडलेला अर्ज टिकत नाही. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी प्रमाणपत्राची प्रत मागून त्यात आपले मॉडेल आणि मुदत स्वतः वाचावी. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून किट घेऊ नये.

सर्वाधिक गोंधळ सिलिंडरच्या कागदाचा होतो. सिलिंडरला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटके व दाबाखालील वायूंची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेची मान्यता लागते, आणि चाचणी प्रमाणपत्रावरील क्रमांक सिलिंडरवर कोरलेल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळावा लागतो. बिलावर एक क्रमांक, प्रमाणपत्रावर दुसरा आणि डिकीतल्या टाकीवर तिसरा, हे नेहमीचे दृश्य आहे. दुसऱ्या गाडीतून काढलेली टाकी स्वस्तात मिळते, पण तिचा कागद सहसा कोणाकडेच नसतो.

कर्ज फिटले म्हणजे आरसीवरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरला, हा समजही महागात पडतो. आरसीवर वित्तसंस्थेचे नाव आहे तोवर तिचे ना हरकत पत्र मागितले जाते. हप्ते संपले असतील तर आधी बोजा उतरवून घ्यावा. हप्ते चालू असतील तर पत्राची मुदत पाहूनच गाडीच्या तपासणीची तारीख ठरवावी. जुनी गाडी घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी : परिवहन खात्याच्या नोंदीत मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? तो आधीच्या मालकाचा किंवा एजंटाचा असला, तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि अर्जदार पडद्याकडे बघत बसतो. हा क्रमांक बदलण्याचे काम आधी उरकावे.

मुदतीविषयी गैरसमज फार. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार बदल केल्यापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते, आणि ते कळवण्याची जबाबदारी मालकाची आहे, फिटरची नव्हे. ‘आमचा माणूस करून देईल’ या आश्वासनावर विसंबलेल्यांचे 14 दिवस कधी सरतात ते त्यांनाच कळत नाही. बेकायदा बदलासाठी कलम 182अ मध्ये दंड आणि कैद या दोन्हींची तरतूद आहे.

उरलेले सोपे आहे : परिवहन संकेतस्थळावर वाहनातील बदलाचा अर्ज, शुल्क, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, किटचे बिल, अधिकृत केंद्राचे किट बसवल्याचे प्रमाणपत्र आणि ओळख व पत्त्याचा पुरावा; त्यानंतर गाडी तपासणीला न्यायची. त्या दिवशी एका कागदावाचून अडले, तर पुन्हा वेळ घ्यावी लागते. सगळ्या कमतरता एकदाच सांगण्याची पद्धत आपल्या कार्यालयांत अजून रुजलेली नाही.

आरसीवर पेट्रोल व सीएनजी अशी नोंद आली की विमा कंपनीला लेखी कळवावे. वाढीव हप्ता रूढ दरानुसार किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि त्रयस्थ पक्षाच्या विम्यासाठी 60 रुपये एवढाच असतो, पण तो वाचवणाऱ्याचा दावा अपघातानंतर अडू शकतो.

आणि सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. पुढच्या चाचणीची तारीख गाडीवरील प्लेटवर असते आणि पंपावरचा कर्मचारी ती पाहूनच गॅस भरतो. ती तारीख उलटल्याचे रांगेत तासभर थांबल्यावर कळण्यापेक्षा आजच डिकी उघडून वाचावी.