पाळीव उंदरांच्या अंगावरच्या गाठी

पाळीव उंदीर (रॅट) म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस या जातीचा माणसाळलेला प्रकार. घरात दीड वर्षाच्या वरची मादी असली की कधीतरी हाताला गाठ लागेल असं धरूनच चालायचं, इतकं हे नेहमीचं दुखणं आहे. उंदराचं आयुष्य २ ते ३ वर्षांचं, म्हणजे त्याचा एक महिना आपल्या दोन-अडीच वर्षांएवढा, त्यामुळे "बघू की पुढच्या महिन्यात" हे इथं चालत नाही, तेवढ्यात हरभऱ्याएवढी गाठ लिंबाएवढी झालेली असते.

एक आधीच सांगून टाकलेलं बरं. नवीन नर आणला की शेपटीखाली दोन मोठ्या गाठी बघून "काय ओ डॉक्टर, कॅन्सर हाय काय हे?" म्हणून घाबरणारे बरेच असतात. ते वृषण असतात, रॅटमध्ये मोठेच असतात आणि पोटात वर-खाली सरकतातही.

खऱ्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळते ती मादीच्या स्तनाची. मादीला १२ स्तनाग्रं असतात, आणि स्तनाचा पदर कातडीखाली गळ्यापासून जांघेपर्यंत, बाजूनं पार खांद्यापर्यंत पसरलेला असतो, म्हणून काखेतली किंवा मानेजवळची गाठसुद्धा स्तनाचीच निघू शकते. यातल्या बहुतेक फायब्रोअडेनोमा असतात म्हणजे कॅन्सर नव्हे: बोटाखाली इकडे-तिकडे हलते, दुखत नाही, उंदीर आपला खातो-पितो-खेळतो. पण वाढायची थांबत नाही, आणि शेवटी जमिनीला घासून फुटते, चालणं अवघड करते. पटापट वाढणारी, आत घट्ट चिकटलेली, जखम झालेली गाठ असेल तर संशय जास्त, तरी नुसत्या हातानं पक्कं कुणालाच सांगता येत नाही, तुकडा लॅबला पाठवायलाच लागतो. नराला पण स्तनाची गाठ होते, फक्त कमी वेळा. कानाच्या बुडाशी आलेली गाठ मात्र हलक्यात घेऊ नये, तिथल्या झिंबल ग्रंथीची गाठ बहुतेक वेळा वाईटच असते.

गळू हा वेगळा प्रकार. एक-दोन दिवसांत येतं, गरम लागतं, हात लावला की उंदीर चिरकतो, आणि नीट बघितलं तर केसाखाली चावल्याची खपली सापडते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडानं शेक आणि डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक, एवढ्यानं बरंच काम होतं. पिळू नये. आणि कुठल्याही गाठीवर बिब्बा, चुना असलं काही लावू नये, उंदीर अंग चाटत बसतो आणि ते सगळं पोटात जातं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जनावरांचा दवाखाना म्हणजे म्हशी, गाई आणि फारतर कुत्री, त्यामुळे आधी फोन करून उंदीर बघता काय, गॅसची भूल आहे काय, हे विचारूनच निघावं. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर "गड्डे" म्हटलं की कळतंय. नाहीतर कोल्हापूर किंवा हुबळी, बेळगावहून दोन्ही साधारण १०० किलोमीटरच्या आसपास. एप्रिल-मे मध्ये पहाटेच निघावं कारण उंदराला उकाडा सोसत नाही, डब्यात पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचा तुकडा ठेवला तर सांडासांड होत नाही.

ऑपरेशन गाठ लहान असतानाच करणं शहाणपणाचं. आयसोफ्लुरेन गॅसची भूल इंजेक्शनपेक्षा सुरक्षित मानतात. कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायची गरज नाही, उंदराला उलटी होतच नाही, उलट उपासानं साखर उतरते. अंग लवकर गार पडतं म्हणून खाली ऊब लागते, आणि टाके कातडीच्या आतून घातलेले बरे, नाहीतर कुरतडून काढतो. छातीत घरघर असेल तर भुलीचा धोका वाढतो. खानापूरच्या पावसाळ्यात ओल्या भुश्यावर ठेवलेल्या उंदरांना हे होतंच, तेव्हा आधी तो आजार बघावा. एक गाठ काढली म्हणून दुसरीकडे येणार नाही असं नाही. अडीच वर्षाच्या थकलेल्या मादीला परत टेबलावर घ्यायचं का, हे मला तरी नकोच वाटतं, त्यापेक्षा पिंजरा एकमजली करावा, मऊ कापड घालावं, वेदनेचं औषध डॉक्टरांकडून घ्यावं आणि खाणं सुटलं की शांतपणे कायमचं झोपवून टाकायला सांगावं.

कधी गाठ बाहेर दिसतच नाही. म्हातारी मादी पुढच्या पायांत दाणा धरू शकत नाही, गोल-गोल फिरते, तेव्हा मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ असू शकते; त्यावर कॅबरगोलिन या औषधानं काही जणींना काही काळ बरं वाटतं.

टाळायचं असेल तर लहानपणीच, सहा महिन्यांच्या आत, मादीचं अंडाशय काढणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, कारण स्तनाच्या गाठी इस्ट्रोजेन आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सवर पोसतात. दुसरं म्हणजे वजन. लठ्ठ उंदरांना गाठी जास्त होतात, तरी आमच्याकडं उंदीर गणपतीचं वाहन म्हणून कुंद्याचा चुरा, शेंगदाणे, तुपाची पोळी असे लाड चालूच असतात. ज्वारीची भाकरी, शिजवलेली डाळ, पालेभाजी आणि मोजून दोन शेंगदाणे पुरे, आणि किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन घेताना गळ्यापासून जांघेपर्यंत बोटं फिरवून बघावीत.