जीवशास्त्राचा पदवी अभ्यास (महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे)

बारावीपर्यंत जीवशास्त्र हा एकच विषय असतो. बी.एस्सी.ला त्याची वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र अशी दोन खाती होतात; काही महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानही असते. शिवाजी विद्यापीठ (1962), जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (1990) किंवा नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (1994) अशा प्रादेशिक विद्यापीठांत अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते आणि पदवी विद्यापीठ देते. शिकवणे मात्र बहुतांशी तालुक्याच्या गावांतल्या संलग्न महाविद्यालयांत चालते. त्यामुळे एकाच पदवीचे दोन विद्यार्थी प्रयोगशाळेच्या बाबतीत फार वेगळे घडू शकतात.

जुन्या त्रैवार्षिक रचनेत एफवायला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि जोडीला आणखी एक विषय घ्यायचा, एसवायला त्यातले काही सोडायचे आणि टीवायला एकच ‘स्पेशल’ ठेवायचा, अशी रीत होती. नवीन शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून मुख्य आणि गौण विषयांची श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आली. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे 15 तास लागतात, तर प्रात्यक्षिकाचे 30. म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला सत्रात 60 तास, आठवड्याला चार तासांचे एक प्रात्यक्षिक धरून 15 आठवडे. गणपती, दिवाळी आणि परीक्षांचे दिवस वजा केले की हे गणित कागदावरच उरते. बॅचचे प्रात्यक्षिक एकदा चुकले की ते पुन्हा लागेलच याची खात्री नसते.

प्रात्यक्षिकांत हात सर्वांत जास्त कसाला लागतो तो कांद्याच्या मुळाच्या टोकाचा स्क्वॉश करताना, म्हणजे ते काचपट्टीवर दाबून पेशी पसरवताना. यात समसूत्री विभाजनाच्या अवस्था पाहायच्या असतात. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात. वाळलेली जुनी मुळे खरवडून कांदा पाण्याने भरलेल्या भांड्याच्या तोंडाशी ठेवतात. मुळे दीड-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी कापून कार्नॉयच्या द्रावणात (अल्कोहोल 3 भाग, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल 1 भाग) 24 तास ठेवतात, नंतर 70 टक्के अल्कोहोलमध्ये. प्रयोगाच्या वेळी 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंश सेल्सियसला पाच ते दहा मिनिटे, मग पाण्याने धुऊन ॲसिटोकार्मीन (गुणसूत्रे रंगवणारे द्रावण). टोकाचा गडद झालेला एक-दोन मिलिमीटरचाच तुकडा घ्यायचा, कव्हरस्लिप ठेवायची, वर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचे.

बिघडते ते ठरलेल्या ठिकाणी. तुकडा टोकापासून लांबचा घेतला तर सगळ्या पेशी लांबट आणि विश्रांतीतल्या (विभाजन न होणाऱ्या) दिसतात. आम्लात वेळ कमी दिला तर पेशी सुट्या होत नाहीत, गठ्ठा राहतो; जास्त दिला तर टोकाचा लगदा होतो आणि रंग फिका येतो. दाबताना कव्हरस्लिप बाजूला सरकली तर पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात. कांद्याचेही पाहावे लागते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र आहे; कोंब फुटू नयेत म्हणून विकिरण दिलेला कांदा या कामाला घेऊ नये.

प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा अलीकडच्या काळात पार बदलली. बेडूक, झुरळ, गांडूळ यांचे विच्छेदन ही पूर्वी या विषयाची ओळखच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये ते कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि 2014 मध्ये थांबवायला सांगितले. आता तक्ते, प्रतिकृती आणि संगणकावरची चित्रे वापरतात. प्राणी वाचले हे योग्यच झाले, पण चिमटा आणि सुई धरण्याचा सराव त्याबरोबर गेला. तो थोडाफार भरून निघतो मासळी बाजारातल्या टाकाऊ मालावर: रोहूचे खवले धुऊन थेट पाहता येतात, मुशीची (लहान शार्क माशाची) कातडी 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळली की तिच्यावरचे दातासारखे बारीक खवले सुटे होतात.

वनस्पतिशास्त्राची सहल पावसाळ्याच्या अखेरीस आंबोली, महाबळेश्वर, कास अशा ठिकाणी निघते. तिथून हर्बेरियम तयार करतात: सुमारे 42 × 28 सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेले फुलाफळांसह झाड. दमट हवेत पहिले चार-पाच दिवस वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पाने काळी पडतात आणि बुरशी धरते. ठिकाण, तारीख आणि फुलाचा ताजा रंग त्याच दिवशी टिपून ठेवावा, कारण वाळल्यावर रंग राहत नाही. दुर्मीळ झाड मुळासकट उपटू नये, फोटो पुरतो.

सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा होते. तिच्यात स्पॉटिंग असते: टेबलांवर क्रमांक लावलेले नमुने, प्रत्येकापुढे दोन-तीन मिनिटे, बेल वाजली की पुढे. ओळख, वर्गीकरण आणि कारण लिहायचे. गुण जातात ते बहुधा शास्त्रीय नावात. प्रजातीचे (जीनस) पहिले अक्षर मोठे, जातीचे (स्पीशीज) लहान, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ हवी. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बाहेरचे परीक्षक जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, उघडतात आणि आकृतीतली पेशी स्लाइडवर दाखवायला सांगतात. पुस्तकातून उतरवलेली आकृती तिथेच उघडी पडते. प्रमाणित जर्नल नसेल तर परीक्षेला सहसा बसू देत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुखांच्या सहीसाठी दाराशी रांग लागते.